एकावन्नाच्या वरचे पेन

सामायिकाला, म्हणजे दोन घटकांच्या ध्यानाला, बसायचं म्हणून पांढरी साडी काढायला कपाट उघडलं, तर घडीतून एक शाईचा पेन माझ्या पायावर पडला. त्याच्यामागे दुसरा. साडी हळूच उलगडली. आत मऊ फडक्यात गुंडाळून आणखी पाच-सहा निजवलेले होते. खालच्या साडीतही तेच.

रिसोडचं कापड दुकान मुलाच्या हाती दिलं, तेव्हापासून यांना बंद पडलेल्या पेनांचा नाद लागलाय. बंद पडलेले म्हणजे न लिहिणारे नव्हेत. ज्यांचे कारखाने बंद झाले, असे. जऊळक्याच्या एखाद्या जुन्या दुकानात माळ्यावरून डबा निघाल्याचं कळलं, की हे पहिल्या गाडीने निघणार. परत आले की मला चुलीपाशी गाठणार. "पाह्य, एबोनाइट हाय. तळहातावर घास, वास येते. आता असा पेन कोनी बनवत नाई." मी घासते, वास घेते. जळक्या रबराचा येतो. छान आहे म्हणते. माझ्या उपवासासाठी उकळून गाळून ठेवलेल्या पाण्यात हे निबा भिजत घालतात, का तर त्या पाण्यानं निब खराब होत नाही म्हणे. मी दुसरं पाणी उकळायला ठेवते.

मागच्या चातुर्मासात आमच्या साध्वी महासतीजींनी प्रवचनात सांगितलं, आपल्या मालकीच्या वस्तूंना मर्यादा घाला. भर सभेत हे उभे राहिले आणि एकावन्न पेनांच्या वर ठेवणार नाही, असं पच्चक्खाण, म्हणजे सोडण्याचं व्रत, घेऊन बसले. माझे डोळे भरून आले. वाटलं, सुटले.

मर्यादेचं हे व्रत मी किती वर्षांपासून पाळते. साड्या किती, चपला किती, भांडी किती, सगळं ठरलेलं. पेन एक, रोज सकाळी त्यानं त्या दिवसाचे नियम लिहिते, तो बॉल पेन. आणि आता माझ्या कपाटात ही जत्रा.

"अवो, हे काय हाय?"

"ते तुहे हायेत."

"माहे?"

"मंग! माह्ये एकावन्न पुरे झाले ना. नवा आला का जुना एक तुह्या कपाटात. म्हंजे माह्यं व्रत साबूत."

"अन् माहं?"

"तुहं काय?"

"माही मर्यादा एका पेनाची हाय. तुमचं टिकवायले माहं मोडलं तुमी. मले विचारलं तरी का?"

"बायकोले देतानी कायले विचारा लागते?" असं म्हणून हे चष्मा पुसायला लागले.

मी स्थानकात, महासतीजी उतरतात त्या धर्मस्थानात, जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या नकळत झालं. मर्यादेबाहेरचं आहे ते देऊन मोकळ्या व्हा. मात्र रागात देऊ नका, रागानं दिलेलं दान होत नाही."

हीच तर पंचाईत. राग उतरेपर्यंत थांबावं, तर तेवढे दिवस व्रत मोडलेलंच राहणार. आणि राग उतरणार कसा? रोज सकाळी कपाट उघडलं की एबोनाइटचा वास. शेवटी अर्धा उतरला तेव्हाच मी यांना सांगितलं, उद्या दुपारच्या शास्त्रवाचनाला माझ्याकडून प्रभावना आहे. वाचन झालं की दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवतात, ती प्रभावना. कोणी साखर देतं, कोणी वाटी.

"काय देऊन राह्यली?" यांनी विचारलं.

"पेन."

यांनी चहा खाली ठेवला. "ते? आवं, त्यातला तो काळा तरी ठेव. पिस्टनचा हाय, सोन्याची निब. तो शोधायले मले किती वर्सं लागली."

"ठेवा ना. तुमच्या एकावन्नातला एक काढा, काळा तुमचा."

हे आपली पेटी घेऊन बसले. एक उचलायचे, टोपण काढायचे, लावायचे, ठेवायचे. जेवणाची वेळ झाली तरी एकही पेटीबाहेर आला नाही. "कोनता काढू, सांग?" म्हणाले. मला काय माहीत? मला सगळे सारखेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी थाळीत सगळे पेन मांडून मी स्थानकाच्या दारात उभी राहिले. दुपारी पंधरा-वीसच माणसं येतात, बहुतेक बायकाच. वाचन संपलं, रांग लागली, पाहते तर सगळ्यात पुढे हे. दुपारच्या वाचनाला उभ्या जन्मात न आलेले.

यांनी खिशातून एक निळा पेन काढला, कपाळाला लावला, थाळीत ठेवला आणि तिथला काळा उचलून छातीशी धरला. पाठीमागे बघितलंसुद्धा नाही. एकावन्नाचे एकावन्न.

यांच्या मागे वैजयंती होती, आमची शेजारीण. तिनं ते पाहिलं. पर्स उघडली, एक बॉल पेन काढला, कपाळाला लावला, थाळीत ठेवला आणि निळा उचलला.

"वैजयंती, तसं नाई," मी म्हणाले. "फकत घ्यायचा हाय."

"असं कसं, काकू? काकांनी देल्ला ना आधी? ग्यानाची वस्तू हाय, रिकाम्या हातानं कशी घेऊ?"

झालं. रांगेत कुजबुज पसरली. एकजण खिसे चाचपायला लागला. दोघी जणी स्थानकाचा कारभार बघणाऱ्या संघाच्या पवनकडे पेन मागायला धावल्या, एक तर घरी जाऊन आली. मी एकेकीला सांगत होते, पण त्या गलबल्यात माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? रांग संपली. थाळी होती तेवढीच भरलेली, फक्त आता तीत बॉल पेन होते. काहींची टोपणं नव्हती, एकाचं टोक चावलेलं.

"पवन, हे संघात ठेवून घे."

"काकू, संघात पेनाचं काय करू? प्रभावना तुमची, पेन तुमचे." तो हसत चपलांकडे गेला. बायकांना परत न्या म्हटलं, तर त्यांनी कानाला हात लावले. दिलेलं परत घेतात का?

काल शाईचे होते, आज बॉल पेन. मर्यादेच्या वर ते वरच. बाहेर हे उभे होते, काळा पेन खिशाला लावून.

"तो निळा कोनं नेला?"

"वैजयंतीनं."

"अरे देवा! ती त्यानं दुधवाल्याच्या कॅलेंडरवर फुल्या मारीन. निब जाईन त्याची." आणि हे तरातरा तिच्या घराकडे निघाले.

दिवस मावळल्यावर मी जेवत नाही, त्याच्या आत जेवायचं होतं, आणि पेनही घराबाहेर घालवायचे होते. सून अपूर्वा केनवडच्या शाळेत शिकवते, ती नुकतीच आली होती. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"हे घे. आजपासून तुहे."

"आई, तुमी तं बाबांसारखंच करून राह्यल्या. मले विचारलं का?"

मी तिच्याशेजारी बसले. मग विचारलं, "घेतं का, बाई?"

"नाई," ती म्हणाली. "माह्याकडंच शाळेच्या पेनांची खोकी भरून पडली हायेत." आणि पिशवी परत माझ्या हातात.

मी ओट्यावर येऊन बसले. येईल जाईल त्याला विचारून, हो म्हटल्यावर एकेक पेन दिला. शिकवणीहून येणारी पोरं, इस्त्रीवाला, समोरचा शिंपी. शेवटचे तीन रंगूबाईने घेतले, मळ्यातली भाजी विकून ती घरी निघाली होती. "नातवाले होतीन," म्हणाली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत मेथीची जुडी माझ्या मांडीवर टाकून चालायलाही लागली. सध्या चातुर्मास, पालेभाजी आम्ही शिवत नाही.

वर पाहिलं, तर दिवस मावळला होता. जेवण राहिलं.

कोपऱ्यावरून हे येत होते, मान खाली घालून. "देत नाई म्हनते. म्हने, प्रभावनेचा हाय, पाप लागते."

मी जुडी यांच्या हातात दिली. "रंगूबाईले देऊन या, मळ्याच्या फाटकापर्यंत गेली असन," म्हटलं आणि प्रतिक्रमणाला बसले. दिवसभराच्या चुका आठवून क्षमा मागायची असते. व्रताचं एका वाक्यात आटोपलं, पेन आता माझ्याकडे एकच होता. बाकी सगळा वेळ यांच्यावरच्या रागाची क्षमा मागण्यात गेला, तरी पुरला नाही.