मुकादमाचे दात

माझी बायको कवळ्या करते. हे सांगितलं की लोक आधी माझ्या दातांकडे बघतात. ते माझे स्वतःचे आहेत, अजून तरी.

घराच्या मागच्या खोलीत तिचं कामाचं टेबल आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं डब्यातून पाठवतात. त्यात ही प्लास्टर ओतून साचा काढते, मेणात एकेक दात बसवते, घासते, चकचकीत करते आणि कवळी त्याच डब्यातून परत पाठवते. बावीस वर्षांत तिने किती तोंडं चावती-हसती केली असतील त्याची गणती नाही, पण त्यातलं एकही तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. कवळी नीट बसली की कौतुक डॉक्टरांचं, टोचली की फोन हिला. एकदा एका कवळीचं काही केल्या जमेना तेव्हा तिने पेशंटला स्वतः बघू का म्हणून विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुमचं काम टेबलावर. त्यानंतर तिने कधी कोणाला विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण शाळेतून निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. ताईने सोबत दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि एक पिंजरा आणला. पिंजऱ्यात हॅमस्टर होता, मुठीएवढा, विटकरी रंगाचा, तिच्या वर्गातल्या पोरांनी पाळलेला. संध्याकाळ झाली की तो उठायचा, चारी कोपऱ्यांत फेरी मारायचा, प्रत्येक दाणा उचलून तपासायचा आणि नापसंत असल्यासारखा दुसरीकडे नेऊन ठेवायचा. म्हणून पोरांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. वर्गावर आलेल्या नव्या बाईंना तो नको होता.

बायकोलाही नको होता. ती त्याला उंदीर म्हणायची. ताई दर वेळी दुरुस्ती करायची, उंदीर नव्हे, हॅमस्टर. ताईने पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात घालवली होती, ती सवय घरात आल्यावर जाणार कशी? चहात साखर किती, टॉवेलची घडी कशी, सगळ्याला तिच्याकडे बरोबर उत्तर असायचं. बायको ऐकून घ्यायची आणि मागच्या खोलीत जाऊन तिचं घासायचं मशीन सुरू करायची. त्या दोघींचं भांडण कधी झालं नाही, त्यामुळे ते मिटायचाही प्रश्न आला नाही.

मुकादम अडीच वर्षांचा झाला तेव्हा त्याचं काहीतरी बिनसलं. हॅमस्टरचं अडीच म्हणजे आपलं ऐंशीच्या घरात. आधी त्याने पिंजऱ्यातल्या चाकावर पळणं सोडलं. मग हनुवटी ओली राहायला लागली, डावा डोळा सुजून अर्धा मिटला, आणि पाठीचा कणा केसांतून दिसू लागला. ताईने त्याला टोपलीत घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. त्यांनी मुकादमाला तळहातावर घेतलं, खालीवर करून पाहिलं आणि परत टोपलीत ठेवलं. वय झालंय, म्हणाले, त्रास देऊ नका, आहे तोवर सांभाळा.

घरी आल्यावर ताईने टोपली ओट्यावर ठेवली. तिने पिंजरा रिकामा केला, जाळ्या घासल्या, लाकडाचा नवा भुसा घातला. माणसाला रडायचं नसलं की ते भांडी घासतं, तसं काहीसं. जुना भुसा तिने कागदावर काढून ठेवला होता. बायको पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि त्या कागदाशी थांबली. भुशात सूर्यफुलाच्या बिया होत्या, पंधरा-वीस तरी, एकही न फोडलेली. तिने एक उचलली आणि खोलीतून भिंग आणलं. मग दुसरी. मग सगळ्या एका ओळीत मांडल्या.

"ताई, इकडे या," ती म्हणाली. "ह्याची भूक गेलेली नाही. प्रत्येक बी त्याने फोडायला घेतलीय. हे ओरखडे बघा, सगळे एकाच बाजूला, तिरके. दात घसरतोय त्याचा."

ताईने भिंगातून पाहिलं. मीही पाहिलं. मला बी दिसली, तिच्यावर दोन रेघा दिसल्या. पण टोचणारी कवळी परत आली की त्यावरच्या खुणांवरून माणूस कुठे चावतो आणि कुठे टाळतो हे बायको सांगते. तिच्यासाठी त्या रेघा म्हणजे लिहिलेलं पत्र होतं.

ताईने मुकादमाला मानेमागच्या सैल कातडीला धरलं, तसं त्याचं तोंड जरासं उघडलं. बायकोने दिव्याखाली वाकून पाहिलं. खालचा एक दात तुटलेला होता. त्याला घासायला समोर कोणी न उरल्यामुळे वरचा वाढत सुटला होता आणि चंद्रकोरीसारखा आत वळला होता. हॅमस्टरचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, हे ताईला माहीत होतं. ती वर्गात दर वर्षी शिकवत असे. स्वतःच्या मुकादमाला म्हातारपण चिकटवताना मात्र तिला ते आठवलं नव्हतं, आणि हे तिला फार लागलं.

"तुझं ते मशीन आहे ना," ताई म्हणाली. "कापून टाक की एवढासा दात."

"मी प्लास्टरवर काम करते, ताई. जिवंत तोंडाला हात लावणं माझं काम नाही. पण हे कोणाचं काम आहे ते शोधू."

शोधलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला जनावरांचं मोठं इस्पितळ होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई धिप्पाड, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नुकत्याच एका गाईला तपासून आलेल्या. त्यांनी बिया पाहिल्या, भिंगातून दात पाहिला, आणि बायकोचं म्हणणं बरोबर आहे असं सरळ सांगून टाकलं. मग तितक्याच सरळपणे अडचण सांगितली. दात चिमट्याने तोडला तर मुळापर्यंत चिरतो, तो बारीक चकतीने घासूनच कापायला हवा. त्यासाठी तोंड उघडं ठेवावं लागतं आणि गाल बाजूला धरावे लागतात. त्यांच्याकडची अवजारं सशासाठीची होती. मुकादमाच्या तोंडात ती म्हणजे उखळात गेलेला खांब. शिवाय भूल द्यायची तर वजन निदान शंभर ग्रॅम पाहिजे, आणि काट्यावर मुकादम एक्क्याण्णव भरला.

बायकोने एकच प्रश्न विचारला. तोंड किती मिलिमीटर उघडावं लागेल? डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मोजपट्टी काढली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन खाती सुरू झाली. ताईकडे वजन, बायकोकडे अवजार. मला दोन्हीकडे हमाली.

ताईने ओटचं पीठ, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि किसलेलं गाजर पाण्यात कालवून गाळून घेतलं. ते बिनसुईच्या पिचकारीतून मुकादमाच्या ओठांच्या कडेला थेंब थेंब सोडायचं, दर दोन तासांनी. घाई केली की तो तोंड फिरवायचा. पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त त्याच्या छातीवर सांडलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही पंजांनी पिचकारी धरली. रोज सकाळी ताई त्याला वाटीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची आणि आकडा मोठ्याने वाचायची, हजेरी घेतल्यासारखा. ब्याण्णव. पंचाण्णव. तिसऱ्या दिवशी उतरून चौऱ्याण्णव आला, तेव्हाही तिने पिचकारीची एकही वेळ चुकवली नाही.

मागच्या खोलीत बायको तार वळवत होती. कवळी शेजारच्या दातांना अडकवणारे आकडे करायची बारीक पोलादी तार, तिचीच एक स्प्रिंग, दोन टोकांना दातांखाली सरकणारे कंस आणि दोन गाल बाजूला सारणाऱ्या पाकळ्या. पाकळ्यांवर तिने हिरडीच्या रंगाचं ॲक्रिलिक चढवलं आणि ते घासून काचेसारखं गुळगुळीत केलं. प्रत्येक कवळी ती ओठावरून फिरवून बघते, कुठे धार राहिली असेल तर ओठाला लगेच कळतं. हेही तिने ओठावरून फिरवलं. पहिलं अवजार तिने स्वतःच कचऱ्यात टाकलं, स्प्रिंग इतकी जोरकस होती की जबडा निखळला असता. दुसरं बरं होतं, पण डॉक्टरीणबाईंच्या जाड बोटांत मावेना. तिसऱ्याला तिने बाहेर लांब दांडी काढली आणि उघडझाप करायला एक इवलासा स्क्रू बसवला.

ते पूर्ण झालं तेव्हा ती चहा घ्यायला बाहेर आली. ताईने न विचारता कप पुढे केला आणि साखरेबद्दल काही बोलली नाही. मी हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी काट्यावर आकडा आला एकशे एक. ताईने तो दोनदा वाचला, मग वाटी उचलून परत ठेवली आणि तिसऱ्यांदा वाचला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी अवजार हातात घेतलं, स्क्रू पुढेमागे फिरवला आणि बायकोला म्हणाल्या, "हे तुम्ही केलंय, तुम्हीच धरा. हात धुऊन आत या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत तिला कोणी आत बोलावलेलं नव्हतं. तिने पर्स माझ्या हातात दिली आणि आत गेली.

ताई आणि मी काचेच्या दाराबाहेर उभे राहिलो. एका लहान नरसाळ्यातून मुकादमाच्या नाकाला भुलीचा वायू दिला. तो आडवा झाला, पाय सैल सुटले. बायकोने अवजार बसवलं, स्क्रू फिरवला. त्यानंतर आम्हाला फक्त दोघींच्या पाठी दिसत होत्या. ताईने माझं मनगट धरलं होतं, आणि त्यावर तिच्या नखांच्या खुणा दुसऱ्या दिवसापर्यंत होत्या.

आत काय झालं ते बायकोने नंतर सांगितलं, आणि अजूनही सांगते. तोंड उघडल्यावर दिसलं की दाताचं टोक टाळूला टोचून जखम झाली होती. हिच्याच टेबलावरची सगळ्यात लहान हिऱ्याची चकती लावून डॉक्टरीणबाईंनी दात कापला, तिसऱ्या क्षणाला तुकडा पडला. तेवढ्यावर थांबल्या असत्या, पण बायकोने डावी पाकळी जरा बाहेर ओढली आणि म्हणाली, इथे आत काहीतरी आहे. हॅमस्टर दाणे साठवतात त्या गालातल्या पिशवीच्या तळाशी कापसाचा बोळा आणि बीचं अर्धं टरफल अडकून कुजलं होतं. डोळ्याची सूज तिथूनच होती. डॉक्टरीणबाईंनी ते चिमट्याने काढलं, पिशवी औषधाच्या पाण्याने धुतली. एकूण अकरा मिनिटं.

नरसाळं काढल्यावर मुकादम हलेना. परिचारिकेने त्याला उबदार कापडावर ठेवलं आणि आम्हाला आत घेतलं. ताई खाली वाकून, वर्गात मागच्या बाकावरच्याला उठवायची त्याच आवाजात म्हणाली, "मुकादम. चला." एक पाय हलला. मग मिशा. मग तो उठून बसायला गेला आणि कलंडला, परत उठला, आणि दोन्ही पंजांनी तोंड धुवायला लागला. कोणी आपल्या तोंडाला हात लावला याचा त्याला भलताच राग आलेला दिसत होता. डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. ताईने बायकोचा हात घट्ट धरला. मी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाईकडे बघत राहिलो.

औषधाचे थेंब आठवडाभर चालले. तिसऱ्या दिवशी डोळा पूर्ण उघडला, चौथ्या दिवशी त्याने काकडीची चकती कडेने कुरतडली. आठव्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो असताना पिंजऱ्यातून बारीक कट्ट असा आवाज आला. ताईचा हात ताटाशीच थांबला. पुन्हा कट्ट. बायको उठून गेली आणि भुशातून दोन टरफलं घेऊन आली, मधोमध सरळ फुटलेली. तिने ती ताईच्या ताटाशेजारी ठेवली. एरवी जेवणाच्या टेबलावर असलं काही आलेलं ताईने खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी ती दोन्ही टरफलं जेवण संपेपर्यंत तिथेच होती.

दात वाढणार होताच, म्हणून दर तीन आठवड्यांनी इस्पितळात जायचं ठरलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी अवजाराची आणखी दोन मापं मागितली, गिनीपिगसाठी आणि लहान सशासाठी. मग त्यांच्या ओळखीच्या दोन दवाखान्यांनी मागितली. मग जनावरांच्या डॉक्टरांचं एक संमेलन होतं, तिथे त्यांनी बायकोला बोलायला बोलावलं. ती आठ दिवस नाही म्हणत होती. शेवटी ताईने तिला आमच्या बैठकीत उभं करून चार वेळा सगळं बोलायला लावलं आणि फक्त एक चूक काढली, आवाज मागपर्यंत पोचत नाही.

सभागृहात तो पोचला. दीडशे डॉक्टर बसले होते. बायकोने बियांवरच्या खुणांपासून सुरुवात केली आणि तिसऱ्या अवजारावर संपवली. शेवटी मागच्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, जरा खवचटपणेच, की ह्या प्राण्याचं आयुष्य ते केवढं, उरलेल्या चार महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?

"त्याला भूक होती," बायको म्हणाली. "उपाशी राहायला चार महिने काही थोडे नाहीत."

टाळ्या ताईने सुरू केल्या, हे मी पाहिलं. पण थांबवल्या मात्र तिने नाहीत, त्या बराच वेळ चालल्या.

परवा मुकादमाला तीन वर्षं पूर्ण झाली. वजन एकशे चोवीस. कानांवरचे केस विरळ झालेत, चाकावर पळतो तो चालल्यासारखाच, आणि मधेच थांबून झोपतो. डॉक्टरीणबाईंनी त्याची छाती ऐकली आणि छान चाललंय म्हणाल्या. इस्पितळातून परतताना दोघी माझ्या पुढे चालल्या होत्या. ताई म्हणत होती, मोठ्या रस्त्याने जाऊ, तो सपाट आहे, त्याला हिसके बसणार नाहीत. बायकोचं म्हणणं पडलं की गल्लीत सावली आहे, आणि हिसके टोपली धरणाऱ्याच्या हातावर असतात, रस्त्यावर नव्हे. चौकापर्यंत दोघी एकमेकींचं ऐकायला तयार नव्हत्या, आवाजही चांगले चढले होते. मी औषधाची पिशवी घेऊन मागे चाललो होतो. मग ताईने टोपली बायकोच्या हातात दिली आणि त्या गल्लीत वळल्या.