वाढत्या अंगाचा फ्रॉक

लेकराला कपडा शिवायचा तो वाढत्या अंगाचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बाह्या बोटभर लांब, खाली चार बोटं दुमड, आणि दर वर्षी ती दुमड थोडी थोडी उसवत न्यायची. नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहणाऱ्या उत्तराच्या घरीही हेच चाले. फक्त तिच्या सहा वर्षांच्या चारुशीलाचे फ्रॉक थेट घोट्यापर्यंत पोचत. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे, "वाढत्या अंगाचा आहे हो."

खरं कारण वेगळं होतं. दीड वर्षाची असताना चारूला पोलिओ झाला होता. उजव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता आणि गुडघ्याशी एक कडी. कडी लावली की पाय ताठ होऊन चालता येई, काढली की बसता येई. उत्तरा बी.ए. झालेली, डॉक्टरांना दहा प्रश्न विचारणारी. पण हळदीकुंकवात एखादीची नजर खाली वळली की तिचा हात आपोआप लेकीचा फ्रॉक ओढायला जाई. लेकीला शाळेत घालण्याबद्दलही तिचं "यंदा नको, पुढल्या वर्षी पाहू" असं दुसऱ्यांदा म्हणून झालं होतं. तिचे यजमान गिरिधर काही बोलायला गेले की ती म्हणे, "मुलं चिडवतील तिला. तुम्ही असणार आहात का तिथं?"

चारूचे कपडे शिवायच्या मागच्या गल्लीतल्या अंजनाबाई. त्यांची प्रेमिला मुलींच्या तंत्रनिकेतनात कपडे शिवायला आणि बेतायला शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या मुलींनी स्वतः बेतलेले कपडे दुसऱ्या कुणाला घालून लोकांसमोर चालवायचं, असा फॅशन शो कॉलेजच्या सभागृहात ठरला होता. नागपुरात तेव्हा हे नवंच होतं.

"ताई, मला चारू हवी," उत्तरा लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेली तेव्हा प्रेमिला म्हणाली. "तिच्यासाठीच फ्रॉक बेतलाय मी. गुडघ्याच्या वर, म्हणजे कडीला हात पटकन पोचेल. आणि दोन खिसे."

"लोक फ्रॉक बघतील की पाय?" उत्तरानं विचारलं.

अंजनाबाईंनी मशीन थांबवली. "दोन्ही पाहतील. मंग? काहून वं बाई, पाय झाकता झाकता तुम्ही पोरीलेच झाकून राहिल्या."

"तुम्हाला नाही कळायचं, अंजनाबाई. लोकांची नजर..."

"मले नाही कळत नजर?" त्या हसल्या. "लहानपणी मले सांगत, बाजूनं चाल, कोणाच्या समोर येऊ नोको. धम्मदीक्षेच्या दिवशी मायनं मले पांढरं लुगडं नेसवलं आन् म्हणे, आता मधातून चाल. पाय लटपटत होते माये. पण चालली. त्या दिवशी मायनं मले मांगं लपवलं असतं, तर मी अजूनही बाजूनंच चालत असती."

उत्तराचा हात चारूचा फ्रॉक ओढायला गेला. चारूनं मात्र निकाल देऊन टाकला, "आई, खिसे आहेत. मी जाणार."

शोच्या आदल्या दिवशी फ्रॉक घरी आला. हळदी रंगाचा, हलका, नेटका. चारू आरशासमोर गोल फिरली आणि कॅलिपर लखलखला. दुपारी लेक झोपल्यावर तिनं आपली जुनी पिवळी साडी फाडली आणि फ्रॉकला घोट्यापर्यंत झालर जोडली. घाईघाईत, कच्च्या टाक्यांनी.

सभागृहात प्रेमिलानं ती झालर पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. वर्षभराच्या कामाचे गुण या शोवर होते.

"वाढत्या अंगाचा केलाय थोडा," उत्तरा तिच्याकडे न बघता म्हणाली. तेवढ्यात चारूचं नाव पुकारलं गेलं.

खुर्च्यांच्या दोन रांगांमधून लाल सतरंजी अंथरली होती. चारू खिशांत हात घालून ऐटीत निघाली. अर्ध्यावर आली आणि झालर गुडघ्याच्या कडीत शिरली. कडी सुटली, पाय वाकला आणि ती मटकन खाली बसली.

"आई, अडकलं," ती म्हणाली.

मागून कुणी तरी कुजबुजलं, "बिचारी. पाय असा, तर आणायचं कशाला?"

उत्तरानं ते ऐकलं. आणि एकदम तिला दिसलं, पोरीला पायानं पाडलं नव्हतं. पाडलं होतं आईच्या झालरीनं!

ती उठली. सगळ्यांसमोर सतरंजीवर गुडघे टेकून तिनं झालरीला हात घातला आणि टर्र करून ती ओढून काढली. कच्चे टाकेच ते, एका हिसक्यात निघाले. कॅलिपर मांडीपासून बुटापर्यंत उघडा झाला. चारूनं आईच्या खांद्याचा आधार घेऊन पाय सरळ केला, कडी बसवली, खट्. मग म्हणाली, "आता बाजूला हो ना, आई. मला चालायचंय."

उत्तरा बाजूला झाली. खट, खट करत चारू टोकापर्यंत गेली, गोल फिरली, आणि खिशातून चॉकलेट काढून तोंडात टाकलं. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवत राहिले. अंजनाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. प्रेमिला पडद्यामागून दोन्ही हात उंचावून उड्या मारत होती. उत्तराच्या हातात पिवळी झालर तशीच चुरगळलेली होती.

आपण आईबाप लेकरांना जपतो, त्यात चूक नाही. पण जगाच्या नजरेला भिऊन आपण त्यांच्यावर जे पांघरूण घालतो, त्यातच त्यांचे पाय अडकतात. जगाची नजर सुधारेल तेव्हा सुधारेल. आपलं पांघरूण काढणं आपल्या हातात आहे, आणि त्याचे टाके वाटतात तेवढे पक्के नसतात.

जून महिन्यात उत्तरा शाळेच्या गणवेशाचं निळं कापड घेऊन अंजनाबाईंकडे गेली. त्यांनी टेप गळ्यात अडकवली, चारूला स्टुलावर उभं केलं आणि चष्म्यावरून उत्तराकडे पाहिलं.

"बोला बाई. वाढत्या अंगाचा शिवू?"

"नाही," उत्तरा म्हणाली. "तिच्या मापाचा."