नाखव्याच्या शिशाचं तोंड

मित्रांनो, शिशाचा एक जुना गोळा तुमच्याशी बोलतोय, आणि त्याचं डोकं फिरलेलं आहे. राग सोसत नसेल तर पान उलटा.

जयगडला मला ओतलं तेव्हा बुडाशी मुद्दाम एक खळगा ठेवला. ते माझं तोंड. माझा मालक नाखवा मुझम्मिल, पाच गलबतांच्या व्यापारी ताफ्याचा म्होरक्या. कौलं भरून आखातात जायचा, खजूर घेऊन परतायचा. पाण्याचा अंदाज येईना की माझ्या तोंडात चरबी भरून मला दोरीनं तळाशी सोडायचा. चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चिकटायचा. नाखवा तो जिभेवर ठेवायचा आणि आपण कुठं आहोत ते सांगायचा.

एकदा रास अल खैमाजवळ धुळीच्या वादळात किनारा दिसेना. खलाशी ओरडला, "नाखवा, माती खाऊन पोट भरलं असेल तर वाट सांगा!"

"पुढं खडक आहे. शिडं उतरवा. आणि तू तोंड मिट, धूळ जाईल."

पाचही गलबतं वाचली.

नाखवा गेला, शिडं गेली. त्याचा खापरपणतू जहूर मला दुबईला, करामातल्या फ्लॅटवर घेऊन आला. तिथं बारा वर्षं मी दार आपटू नये म्हणून अडवून धरलं. चालेल. तेही कामच आहे.

मग त्याच्या मुलीच्या, दुआच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं.

"पप्पा, इट्स ब्रोकन. देअर्स अ होल!"

"टेन्शन नको, बेटा. पाच मिनिटांत खलास करतो."

आणि त्या शहाण्यानं माझ्या तोंडात पुट्टी कोंबली! वर सोनेरी स्प्रे मारला. मी किंचाळलो, पण कोंबलेल्या तोंडानं किती किंचाळणार?

दुसऱ्या दिवशी दुबईतल्याच अल कुसैसहून त्याची आत्या, शहरबानू फुफी आली. मला उलटं करून तिनं कपाळावर हात मारला.

"मेल्या, हे भोक होतं म्हणून पाच गलबतं घरी परतायची!"

"पण फुफी, आता क्लीन दिसतंय ना?"

"थांब, तुझं तोंड बुजवते. तूही क्लीन दिसशील!"

स्क्रूड्रायव्हर घेऊन ती तासभर झगडली. पुट्टीचा दगड झाला होता. सोलली गेली ती माझीच मऊ कड. तेव्हा कुठं जहूर म्हणाला, "पण होतं कशासाठी ते?"

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. पाटीवर लिहिलं होतं, 'सोनेरी वजन'.

मित्रांनो, मला दाराशी टाका, रंग फासा, तक्रार नाही. पण जुन्या वस्तूचं काही बुजवण्याआधी ते कशासाठी होतं, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारा. जहूरनंही विचारलं. पुट्टी वाळल्यावर.