उडीचं बटण

"उडी! अरे, उडी मार ना! डोळे काय खिशात ठेवलेत?"

मी बटण दाबलं, पण उशिरा. पडद्यावरचा नखाएवढा दिवेवाला कठड्यावरून खाली कोसळला आणि एक जीव गेला.

"मारली की," मी म्हणालो.

"पडल्यावर मारलीस. पडल्यावर उडी मारून काय उपयोग, पंडित?"

पंडित हे दादाने मला लहानपणीच चिकटवलेलं नाव. मी सदानकदा पुस्तकात डोकं खुपसून बसायचो म्हणून. तो स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारा. मागच्या आजारात त्याची उजवी बाजू लुळी पडली. पाय थोडाफार सावरला, हात नाही.

पुतणीने पाठवलेल्या या तळहाताएवढ्या यंत्रात आमच्या तरुणपणीचे, टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरवरचे सगळे खेळ होते. तेव्हा कॅसेट लावून चहा निवेपर्यंत वाट पाहायला लागायची. आता बोट टेकवलं की सुरू. अडचण एकच. चालायची बटणं डावीकडे आणि उडीचं उजवीकडे. म्हणून दादाने चालायचं आणि मी उडी मारायची, असं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं. दोन म्हातारे मिळून एक दिवेवाला, आणि तोही धड चालेना.

मनोऱ्याच्या मजल्यामजल्यावरचे दिवे लावत वर जायचं, एवढाच खेळ. शेवटचा मजला दादाला उमेदीच्या काळातही गाठता आला नव्हता. आता गाठायचाच, हा त्याचा हट्ट. माझ्या अंगठ्याच्या भरवशावर!

वहिनीची कटकट वेगळीच होती. "भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. ती व्यायामवाली रोज घसा फोडून सांगते, त्या हाताकडे बघा, त्याला डोळ्यांसमोर ठेवा, नाहीतर तो कायमचा जाईल. आणि हे त्याला उशीखाली कोंबून ठेवतात. चोरीचा माल असल्यासारखा!"

"काम नाही त्याला. बघून काय करू?" दादा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "बंद पडलेल्या लिफ्टला कुलूप लावतात. समोर बसून कौतुक करत नाहीत तिचं."

वहिनीने कपाळाला हात लावला आणि ती आत निघून गेली.

पुतणीने मला फोनवर हळूच सांगून ठेवलं होतं, "काका, यंत्राच्या वरच्या कडेला उजवीकडे एक बटण आहे. ते दाबून धरलं की खेळ मागे जातो, पडायच्या आधीपर्यंत. बाबांना कळू देऊ नका, घर डोक्यावर घेतील."

त्या दुपारी आम्ही शेवटून दुसऱ्या मजल्यावर होतो. एकच जीव उरला होता. कठडा आला, दादा ओरडला, आणि मी पुन्हा उशीर केला. दिवेवाला खाली पडत असतानाच माझं दुसरं बोट वरच्या कडेकडे गेलं. तो उलटा तरंगत वर आला, कठड्यावर उभा राहिला. या वेळी मी उडी बरोबर मारली. पडद्यावर शेवटचा मजला उघडायला लागला.

दादाने पडद्यावर उपडा तळवा ठेवला.

"आपण पडलो होतो."

"नाही रे, अगदी काठावरून..."

"पंडित!"

माझे कान तापले. "उशीर मी केला, दादा. त्यात तुझा जीव कशाला जायला हवा?"

"माझा? दोघांचा होता तो. गेला तर दोघांचा गेला. तू कोण परस्पर मागे आणणारा?"

वहिनी धावत दारात आली. "अहो, खेळ आहे तो! केवढ्याने ओरडता?"

"खेळ आहे ना? मग नीट खेळू दे."

"आलोच आहोत इथवर, तर बघून तरी घे," मी म्हणालो. "पुन्हा जमेल की नाही, कुणाला ठाऊक. माझा अंगठा हा असा."

"असा वरचा मजला नाही बघायचा मला."

तळवा न उचलताच त्याने अंगठ्याने चाचपून यंत्र बंद केलं, मग पुन्हा चालू केलं. दिवेवाला तळमजल्यावर, सगळे दिवे विझलेले. मला खरंच रडू यायच्या बेतात होतं.

"कुठलं बटण ते?"

मी दाखवलं. त्याने मान तिरकी करून ते निरखलं. मग डाव्या हाताने उशीखालचा उजवा हात मनगटाला धरून ओढून काढला, सुटा झालेला जड भाग उचलावा तसा, आणि यंत्राच्या वरच्या कडेपुढे आडवा ठेवला. बटण दाबलं जाऊ नये, पण तिथे कुणाचं बोटही शिरू नये, असा. बोटं आखडलेली होती. शिव्या घालत त्याने ती एकेक करून सरळ केली. माझं बोट खाली अडकलं. इतक्या दिवसांत मी त्या हाताला शिवलोच नव्हतो. तो गार असेल असं मला उगाच वाटायचं. चांगला ऊबदार होता.

"हा बसेल इथे," दादा म्हणाला. "जागचं हलायचं नाही, एवढंच याचं काम. तू बोट काढ."

मी बोट सोडवून घेतलं. वहिनी दारातच उभी होती.

दिवेवाला चालत पहिल्या कठड्यापाशी आला आणि थांबला. मी अंगठा रोखून उडीच्या हुकुमाची वाट पाहत होतो. हुकूम येईना. दादा पडद्याकडे बघतच नव्हता. हात सरकत तर नाही ना, ते बघत होता.