सातातला एक खोटा किलोमीटर

मित्रांनो, सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी बसून किलोमीटर मोजणारा मी एक जुना मीटर आहे. काडेपेटीहून लहान, पितळी अंगाचा, पाच आकड्यांचा. जुन्या वस्तूंना संधी मिळाली की त्या आपल्या पराक्रमाचे पाढे वाचू लागतात. मी मात्र आज मान खाली घालून बोलणार आहे.

माझे काम तसे सोपे. चाकाच्या एका आऱ्याला छोटा खिळा बसवलेला असतो. चाक एकदा फिरले की तो माझ्या दातेरी चकतीला टिचकी मारतो. ठरावीक टिचक्या झाल्या की माझा आकडा पुढे सरकतो. रस्ता मला मोजता येत नाही, मी फक्त टिचक्या मोजतो. म्हणूनच मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत कोरून ठेवले होते, 'अठ्ठावीस इंची चाकासाठी'. पुढे त्यावर तेलाचा काळा थर बसला आणि ती अक्षरे कुणालाच दिसेनाशी झाली. मला ती पाठ होती, हे आधीच सांगून टाकतो.

माझे पहिले मालक टेलिफोनच्या तारा जोडत हिंडत. त्यांच्या उंच सायकलवर मी बत्तीस वर्षे काढली. सुट्टीच्या दिवशी ते दोन्ही मुलांना घेऊन शहरातल्या कालव्याकाठी फिरायला जात. थोरली मुलगी पुढच्या दांडीवर बसे आणि धाकटा मुलगा मागच्या कॅरियरवर. थोरली वाकून माझ्याकडे बघत असे आणि आकडा बदलला की ओरडून सांगे. मागे बसलेल्या धाकट्याला काहीच दिसत नसे. तो सारखा विचारी, "ताई, मीटरवर किती झाले?" त्या काळात माझ्या शब्दाला घरात किंमत होती.

मालक गेले. मुले तोवर आपापल्या संसारात होती. तेराव्या दिवशी धाकट्याने कुणाला न विचारता सायकल आपल्या घरी नेली. थोरली एवढेच म्हणाली की, एकदा विचारले असते तर मीच हौसेने दिली असती. धाकट्याला ते झोंबले आणि तो भलतेसलते बोलून बसला. त्यानंतर नऊ वर्षे बहीणभावाने एकमेकांचे तोंड पाहिले नाही. ती कालव्याच्या एका टोकाला राहत होती, तो दुसऱ्या. मी जिन्याखाली धूळ खात पडलो.

धाकटा आयुष्यभर जमीन मोजण्याच्या खात्यात होता. साखळी, फूटपट्टी, नकाशे यांत त्याचे केस पिकले. मोजमापात आपला हात धरणारा कुणी नाही अशी त्याची समजूत होती, आणि ती समजूत तो चारचौघांत बोलूनही दाखवत असे. निवृत्तीनंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पण तोरा तसाच राहिला.

मग एके दिवशी चुलत भावाकडून कळले की थोरली घर सोडून कायमची परदेशी लेकीकडे निघाली आहे. येत्या रविवारी पावणेअकराला तिला न्यायला गाडी येणार. तिसऱ्या दिवशी धाकट्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला, कालव्याच्या रेघेवर दोरा ठेवला आणि तो दोरा पट्टीवर मोजला. बेचाळीस किलोमीटर भरले.

त्याच्या सुनेने विचारले की फोन का करत नाही, निदान बसने का जात नाही. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करी, आणि तिची नजर तिच्या कामाइतकीच बारीक होती.

"फोनवर माझ्या तोंडून भलतंच निघतं," तो म्हणाला. "आणि बसनं गेलो तर पाहुण्यासारखं वाटेल. मला बाबांची सायकल तिच्या दारात उभी करायचीय. सायकल काही विमानातून नेता येणार नाही. पण हा मीटर तिच्या हातात ठेवीन."

हे ऐकून मला काय वाटले असेल, सांगा. जिन्याखालच्या अंधारात माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

गुडघ्यामुळे त्याला एकट्याला सोडायला घरचे तयार नव्हते. सून सोबत जाणार असे ठरले. तिची सायकल बाजारहाट करण्यापुरती, चोवीस इंची चाकांची. दोघांत जो हळू असेल त्याच्याच वेगाने प्रवास होणार, म्हणून सुनेचा वेग मोजायचे त्याने ठरवले. त्यासाठी मला उंच सायकलवरून काढून त्याने स्वतःच्या हाताने तिच्या सायकलला बसवले. माझी पाठ पुसून पाहायला फडक्याचा एक फटकारा पुरला असता. त्याला गरज वाटली नाही.

पहिल्याच फेरीत मला कळले की हे चाक लहान आहे. टिचक्या लवकर लवकर पडत होत्या. रस्ता सहा किलोमीटर झाला की मी सात दाखवत होतो. सून घड्याळ बघून म्हणाली की तासात चौदा झाले. सासऱ्याने तिची पाठ थोपटली, मग माझ्यावरची धूळ अंगठ्याने पुसत म्हणाला, "जुनं काम आहे, चूक व्हायची नाही." नऊ वर्षांनी कुणीतरी माझे नाव काढले होते. मला बोलता येत नव्हते ही सबब खरी आहे. पण मित्रांनो, बोलता आले असते तरी मी त्या क्षणी बोललो नसतो. याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

सुनेला मात्र खटकले. कालव्याकाठी दर किलोमीटरला एक दगड आहे. सरावाच्या तिसऱ्या सकाळी ती बाराव्या दगडाशी थांबली. माझ्यावर चौदा झाले होते. तिने सासऱ्याला तसे दाखवले.

"दगड चुकीचे आहेत, सूनबाई," तो हसून म्हणाला. "ते दुसऱ्या तुकडीनं रोवलेत. त्यांची साखळी ढिली पडून कायम लांबलेली असायची. मी तीस वर्षं या धंद्यात काढलीत."

सुनेने वही काढली. वहीत आखणी झाली. कालव्याकाठच्या वाटेचे फाटक पहारेकरी सातला उघडतो, त्याआधी निघता येणार नाही. बेचाळीस किलोमीटरना तीन तास, पाण्याला आणि गुडघ्याला मिळून अर्धा तास. साडेदहाला बहिणीचे दार. पाव तास हाताशी. तिने सुचवले की एक थांबा गाळू या. तो म्हणाला, मोजून काढलेय.

रविवारी निघताना त्याने माझा आकडा वहीत टिपला. वाटेत तो कधी नव्हे इतका बोलत होता. कोणत्या पुलाखाली ताईने चप्पल पाण्यात टाकली होती, कुठे दोघे पडले होते, सगळे सांगत होता. बहिणीसमोर पहिले वाक्य कोणते बोलायचे याचीही त्याने तालीम केली. मी टिचक्या मोजत होतो, आणि दर सहा खऱ्या किलोमीटरांमागे एक खोटा जोडत होतो.

बरोबर साडेदहाला माझे बेचाळीस झाले. समोर एका कारखान्याची लांबच लांब भिंत होती. घर नाही, ओळखीचा पूल नाही. शेजारच्या दगडावर छत्तीस कोरलेले होते.

तो सायकलवरून उतरला. दगडाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग आपल्या उंच चाकाकडे आणि सुनेच्या ठेंगण्या चाकाकडे पाहिले. हातरुमाल काढून त्याने माझी पाठ पुसली. अक्षरे वाचली. त्याच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरलेले मी पाहिले आहे, आणि ते विसरण्याची सोय माझ्या यंत्रात नाही.

सून लगेच म्हणाली, "बाबा, माझे पाय हळू पडले असतील." बिचारी आपल्यावर घेत होती.

"नाही ग," तो म्हणाला. "दगड बरोबर होते."

उरलेले सहा किलोमीटर त्याने त्या गुडघ्यानिशी जीव खाऊन मारले. तो कधी मागे पडला नाही, उलट सूनच धापा टाकत होती. अकराला पाच मिनिटे कमी असताना आम्ही पोचलो. दाराला कुलूप होते. शेजारच्या घरातला माणूस पायपुसणे झटकत होता. त्याने सांगितले की दहा मिनिटांपूर्वीच गाडी गेली, बाई सारख्या मागे वळून रस्त्याकडे बघत होत्या, कुणाची वाट बघत होत्या कुणास ठाऊक.

धाकटा पायरीवर बसला. तालीम केलेले वाक्य आता काही कामाचे नव्हते. सुनेने न विचारता तिच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"ताई," तो म्हणाला, "मी तुझ्या दारात आहे. बाबांची सायकल घेऊन आलोय."

फोन मोठ्याने बोलणारा होता, म्हणून पलीकडचे मलाही ऐकू आले. थोरलीचा आवाज म्हातारा झाला होता.

"मीटरवर किती झाले?" तिने विचारले.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा तो पुढे होता आणि ती विचारत होती. त्याने वाकून माझ्याकडे पाहिले.

"एकोणपन्नास दाखवतोय," तो म्हणाला. "खरे बेचाळीस. मी चुकीच्या चाकाला लावला. सूनबाईनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुझंही त्या वेळी ऐकलं नाही. सायकल मी विचारून न्यायला हवी होती."

पलीकडे ती रडत होती की हसत होती, मला कळले नाही. गाडी मागे फिरवण्याइतका वेळ नव्हता. मीटर पाठवू नकोस, ती म्हणाली, बाबांच्या चाकालाच लाव. मी येईन तेव्हा पुढे बसून वाचीन.

संध्याकाळी त्याने मला पुन्हा अठ्ठावीस इंची चाकावर बसवले. पाठ रॉकेलने घासून अक्षरे उघडी केली. सुनेला बोलावून वाचून दाखवायला लावली आणि मगच स्क्रू आवळला. दर रविवारी तो बाराव्या दगडापर्यंत जातो, उतरतो, दगडाशी माझा आकडा ताडून पाहतो, आणि तो जुळला तरी हसत नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे जुने माप असेल तर त्याची पाठ अधूनमधून पुसत जा, एवढेच माझे मागणे आहे. आणि कुणी वाटेत थांबून दगड दाखवला तर सायकलवरून उतरा. माझ्यासारख्याच्या भरवशावर पुढे जाऊ नका. माझे आकडे मागे फिरत नाहीत. सरावाचे आणि त्या रविवारचे सगळे खोटे किलोमीटर अजून माझ्या पोटात आहेत. थोरली कधी आली आणि वाकून वाचू लागली, तर ते वजा करूनच वाचायला तिला सांगावे लागेल.