संध्याकाळच्या गोळ्या

"मंग निरोध वापरला न?" गोकुळा नर्सबाईंनी आवाज उतरवून विचारले.

कुंताने मान खाली घातली. "त्याच्यात त्यायनं आगपेटी ठेवली, बाई. जंगलात दवानं वली होते म्हने."

"अन् काल राती?"

"काल त आलेच ना ते, दोन महिन्यानं. अन् आपरेशन त झालंच हाये."

इस्तारीने शिबिरात नसबंदी करून घेतली होती आणि टाके निघताच तो एटापल्लीकडच्या जंगलात बांबूतोडीला गेला होता. आता तो ओट्यावर घोरत होता. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला.

"अवं, तलावाचं तोंड बुजवलं तरी पाटातलं पानी वावरात जातेच का नाई? तसंच हे. नस कापली तरी आतलं काई महिने राह्यते. शिबिरात सांगतलं नाई?"

"त्यायले सांगतलं असन. मले कोन सांगते?"

कुंताला चौथ्या पोराची भीती नव्हती. भीती होती ती गावातल्या पोचूच्या बायकोसारखी गत होण्याची. पोचूच्या नसबंदीनंतर तिला दिवस गेले आणि पोचूने तिला माहेरी नेऊन घातले. शास्त्राच्या दृष्टीने ती निर्दोष असण्याची शक्यता पुष्कळ होती. पण शक्यतेवर निवाडा करण्याची गावाला सवय नव्हती.

"तांबी बसवू? ते जास्त भरोशाचं."

"नको बाई! नवरा बंद अन् बायकोले तांबी? साऱ्या गावाले समजन. कोनाले दिसनार नाई असं द्या."

नर्सबाईंनी पिशवीतून पाळणा लांबवण्याच्या गोळ्या काढल्या. त्या रोज एक घ्यायच्या. संबंधानंतर तीन दिवसांच्या आत एकदम जास्त घेतल्या तरी उपयोग होतो, असे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. त्यांनी मोजून दोन पुड्या बांधल्या. "एक आता, एक संध्याकाळी. दोन्ही घेतल्या तरच. पक्कं नाई सांगत मी. धोका कमी होते, एवढंच. मळमळन मातर."

कुंताने पहिली पुडी त्यांच्यासमोरच घेतली आणि नर्सबाई पुढच्या गावाला गेल्या. उन्हे माथ्यावर आली आणि अंगणाच्या कडेला कुंताला पहिली ओकारी झाली. थोड्या वेळाने दुसरी.

मासे साफ करणाऱ्या बायनाबाईंचा, तिच्या सासूचा, विळा थांबला. "काय खाल्लं वं?"

"काई नाई, आत्याबाई."

"काई नाई त हे कायचं?" बायनाबाईंची सहा बाळंतपणे झाली होती, निदानाला त्यांना नाडी लागत नसे. "इस्तारी! ऊठ बाबू. तू दोन महिने जंगलात, अन् तुही बायको इथी ओकून राह्यली."

शेजारची सुकरी कुडाशी येऊन उभी राहिली. इस्तारी उठून बसला. "कोनाचं वं?"

"कोनाचंच नाई. ह्या गोळ्यानं होऊन राह्यलं. नर्सबाईनं देल्या. काल राती तुमचं काई राह्यलं असन म्हनून."

"माहं? मी त कापून आलो!"

"त्यानं कापून घेतलं, मंग तुले गोळ्या कायले लागते?" बायनाबाईंनी विचारले.

"तलावाचं तोंड बुजवलं तरी पाटात..." कुंता बोलू लागली. सकाळी नर्सबाईंच्या तोंडी ते सरळ, समजण्यासारखे वाटले होते. आता अंगणात ते तिलाच थापेसारखे ऐकू आले.

"पाटाचं पानी म्हने!" सुकरी खुदकन हसली. "चांगली माहिती हाये वं तुले."

"उद्या सकाळी तुले माहेरी नेऊन देतो," इस्तारी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

दिवस कलला. दुसरी पुडी कमरेला खोचलेली होती. ती घेतली नाही तर पोट शांत राहील, कदाचित बायनाबाईही शांत होतील. आणि सकाळच्या गोळ्या फुकट जातील. घेतली तर ज्याला अजून संशय नाही त्यालाही येईल.

कुंताने मूठभर भात खाल्ला. मग लोटा घेऊन ती अंगणाच्या मधोमध आली, सगळ्यांसमोर पुडी सोडली आणि गोळ्या एकेक करून गिळल्या.

"पाहा, पाहा," बायनाबाई म्हणाल्या.

"पाहा," कुंता म्हणाली. तिने पदर खोचला, केस मागे बांधले आणि कडेला बसून ओकारीची वाट पाहू लागली.