वहिनीची कायरोप्रॅक्टर

आईच्या कंबरदुखीसाठी मी बरीच चौकशी करून एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने दाब देऊन मणके मोकळे करणारा, शोधला होता. त्याचा परवाना तपासला, फोनवर बोललो. आईला काय होतंय हे फारसं न विचारताच पहिल्याच बैठकीत पाठ मोकळी करतो म्हणाला. पण वहिनीने दुसऱ्याच एका बाईचं नाव काढलं आणि आई म्हणाली, "सूनबाई म्हणते तिथेच जाऊ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुका काढायलाच मी सोबत गेलो.

त्या बाईने आधी पायाला मुंग्या येतात का विचारलं, मग गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. उजवा पाय उडाला, डावा ढिम्म.

"मी आज हात लावणार नाही," ती म्हणाली. "नस दबलेली असावी. आधी डॉक्टरांना दाखवा."

"म्हणजे फुकट खेप!" वहिनी हिरमुसली.

आई माझ्याकडे वळली. "मग तुझ्यावाल्याकडे जाऊ या का रे?"

मला हेच तर हवं होतं. पण माझ्या माणसाने हा ढिम्म पाय तपासलाच नसता, थेट कंबर पिळली असती.

"नको," मी म्हणालो. "वहिनीची बाईच खरी."

"बघ, माणसाची पारख आहे हो हिला!" आई कौतुकाने म्हणाली.

"आहेच," मी म्हणालो आणि दातओठ खात डॉक्टरांना फोन लावला.